पासपोर्टची धास्ती

आमच्या टापूतून विमानाने जाणारी माणसे आता थोडी राहिलेली नाहीत. खानापूर, लोंढा, बेळगाव या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत असे घर विरळाच की ज्यातले कोणी दुबईला, मस्कतला, कुवेतला अथवा बोटीवर नाही. तरुण मुले वर्षा-दोन वर्षांनी ये-जा करतात. त्यांना विमानतळ आणि बेळगावचा बसस्टँड सारखेच झाले आहेत. परंतु त्यांच्या मागे राहिलेले आईबाप आयुष्यात एकदा, फार तर दोनदा विमानात पाऊल ठेवतात, आणि तेही लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाच्या आजारपणासाठी. अशा माणसांना भय वाटते ते आभाळाचे, असा सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. विमान वर गेले म्हणजे आपल्या हाती काही उरत नाही, आणि जे आपल्या हाती नाही ते देवावर सोपवण्याची सवय आम्हां खेडुतांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. भय वाटते ते जमिनीवरच्या एका लहानशा काउंटरचे. तिथे गणवेशातले कोणी उभे असते, पासपोर्ट उघडते, पाने चाळते आणि कपाळाला एक आठी घालते. त्या एका आठीने चांगली चांगली माणसे घामाघूम झालेली आम्ही पाहिली आहेत.

वाचकहो, ही धास्ती अडाणीपणाची नव्हे. तिला इतिहास आहे. आमच्या वाडवडिलांचे अर्धे गणगोत घाटाखाली गोव्यात. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची सीमा बंद केली आणि कॅसलरॉकहून मुरगावकडे जाणारी आगगाडीही थांबली. जो घाट आमची माणसे मिठासाठी, सुक्या मासळीसाठी, लग्नकार्यासाठी उतरत असत, तो परवान्यावाचून उतरता येईना. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तोवर सहा वर्षे उलटून गेली होती. हाती कागद नसेल तर आपल्याच माणसाच्या दारी पोहोचता येत नाही, हा धडा त्या पिढीने घेतला, आणि तिच्या मांडीवर आम्ही वाढलो. तेव्हा अधिकाऱ्यापुढे पासपोर्ट धरताना आमचा हात थोडा कापला तर नवल ते काय?

परंतु त्या दिवसांत आणि आजच्या दिवसांत एक मोठा फरक पडला आहे, आणि तो आपण ध्यानी घेतला पाहिजे. पूर्वी पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. १९६७ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे; आणि त्याच वर्षी संसदेने पासपोर्टचा कायदा केला. पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात हेही ठरले की न्याय्य व वाजवी रीतीवाचून तो हक्क कोणाचा हिरावून घेता येत नाही. म्हणजे पासपोर्ट हे कोणाचे उपकार नव्हेत. छत्तीस पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये आहे, ती भरावी, दाखले दाखवावेत, पोलीस चौकशी होऊ द्यावी. एजंटाच्या हातावर चार-पाच हजार ठेवून ‘तेवढे करून द्या साहेब’ म्हणण्याचे काही कारण नाही. काउंटरपुढे आपण याचक म्हणून उभे राहत नाही. नागरिक म्हणून उभे राहतो. एवढे मनात ठसले तरी निम्मी धास्ती उतरते.

उरलेली निम्मी मात्र नावाची आहे, आणि ती खरी आहे.

आमच्या समाजात एका माणसाला चार नावे असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत फादरांनी लिहिलेले एक, शाळेच्या हजेरीत मास्तरांनी लिहिलेले दुसरे, रेशनकार्डावर तलाठ्याच्या कचेरीतून आलेले तिसरे, आणि घरात हाक मारण्याचे चौथे. आपल्या सीमाभागात याला आणखी एक पीळ आहे. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कानडी, आधारकार्डावर कानडी व इंग्रजी. मराठीतले नाव कानडीत जाते, कानडीतून इंग्रजीत जाते, आणि वाटेत कुठे एक ‘एच’ चिकटतो, कुठे ‘झेड’चा ‘जे’ होतो. फर्नांडिसाचा फर्नांडीज होतो, डिसोझाचा डिसूजा होतो. गावात याने कोणाचे काही अडत नाही. पोस्टमन चारही नावांची पत्रे एकाच दारी टाकतो. यंत्राला मात्र गाव ठाऊक नसते.

पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, त्या कित्येकांनी पाहिल्या असतील. त्या ओळी यंत्राने वाचण्यासाठी आहेत. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरे. पहिल्या ओळीच्या आरंभी ‘पी’ म्हणजे पासपोर्ट, मग ‘आयएनडी’ म्हणजे भारत, मग आडनाव, मग दोन बाण, आणि मग नाव. मोकळ्या जागा बाणांनी भरलेल्या. सगळ्या जगात रीत हीच. डिसोझा लिहिताना इंग्रजीत ‘डी’ नंतर जो स्वल्पविराम वर टांगतात, त्याला या ओळीत घरच नाही. तो गळून पडतो. तेव्हा पुस्तिकेत तो टांगलेला आहे आणि तिकिटावर नाही, म्हणून कोणी जिवाला घोर लावून घेऊ नये. परंतु अक्षरच निराळे असेल, किंवा नावातला एक अख्खा शब्द तिकिटावर नसेल, तर मात्र तो फरक प्रवासाआधी, घरी बसूनच, दुरुस्त करून घेतला पाहिजे.

आमच्या घरी प्रश्न आला तो याहून अवघड होता. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्हां उभयतांना शारजाला जायचे होते. थोरली लेक तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिचे पहिलेच बाळंतपण, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिवस भरत होते. तिकडे सासूबाई नाहीत, जावयांची नोकरी पाळ्यांची. आईने जावे हे ठरलेलेच होते. आईला एकटीने कसे पाठवावे, म्हणून आम्हीही निघालो. आमच्या सौ.च्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोरा होता. ज्या शाळेच्या दाखल्यावरून तो निघाला, त्या शाळेत मुलीचे नुसते नाव आणि त्यापुढे बापाचे नाव लिहिण्याची रीत होती, आणि त्या नुसत्या नावावरच पुस्तिका तयार झाली होती. अशी रीत पुष्कळ शाळांत होती आणि अशी पुस्तिका पुष्कळ बायांपाशी आहे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने नवा नियम लागू केला की पासपोर्टावर एकाच शब्दाचे नाव असलेल्या माणसाला भेटीच्या व्हिसावर आत घेतले जाणार नाही. चार-दोन दिवसांत खुलासाही आला की दुसऱ्या माहितीपानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल. आपल्या पासपोर्टात ते पान शेवटी असते. तिथे आईचे, बापाचे, जोडीदाराचे नाव आणि घरचा पत्ता छापलेला असतो. सौ.च्या वडिलांचे नाव तिथे आडनावासकट स्पष्ट होते. नियमाने पाहता अडचण काहीच नव्हती. परंतु नियम वर्तमानपत्रात वाचणे निराळे आणि तो आपल्यासाठी कोणी उघडून वाचील असा भरवसा वाटणे निराळे. हुबळीच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन नव्याने आडनाव घालून घ्यावे, तर त्यात किती दिवस जातील याचा अदमास नव्हता. आणि नव्या पुस्तिकेचा क्रमांक नवा, म्हणजे व्हिसाही नव्याने. पोरीचे दिवस तर कोणासाठी थांबणारे नव्हते. विमान कंपनीला आधी फोन करून विचारले, त्यांनीही शेवटचे पान चालेल असे सांगितले. तेव्हा आहे त्याच पासपोर्टाने निघायचे ठरले.

निघण्याच्या आदल्या रात्री सौ.ने जेवताजेवता सांगितले, ‘मला अडवलं तर तुम्ही माघारी फिरू नका. पोरीपाशी आपलं कुणीतरी हवं.’

आम्ही म्हटले, ‘अगं, बाळंतिणीच्या खोलीत बापाने करायचे तरी काय?’

‘काही करू नका. नुसते बसा. तिला तुम्ही दिसलात म्हणजे झालं.’

यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही उरले नाही. ज्या बाईला एका कोऱ्या रकान्यापायी आपल्या लेकीचे पहिले बाळंतपण चुकण्याचा संभव होता, ती लेकीची सोय लावून मोकळी झाली होती.

सामानाचीही एक कथाच आहे. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेतच, आणि त्या लाडवांत खसखस हवीच. परंतु अमिरातीच्या कायद्यात खसखस ही अफूच्या जातीची म्हणून वर्ज्य आहे. तिची पुडी सापडली तर ती स्वयंपाकाची आहे हे सांगून सुटका होत नाही. गल्फमध्ये बरीच वर्षे काढलेल्या एका शेजाऱ्याने हे आम्हांला वेळीच बजावले. सौ.ने खसखस वगळून लाडू वळले आणि घरच्या मसाल्यातूनही ती वगळली. त्याच शेजाऱ्याने खोबऱ्याच्या वाट्याही बाजूला काढायला लावल्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार. बंदिस्त जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात धरलेले आहे आणि पोटातल्या सामानात ते चालत नाही. मोबाइल भरण्याची पॉवर बँक मात्र याच्या उलट. ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. हातातल्या पिशवीतले तेल, मध, सरबत अशा पातळ वस्तूंची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी असता कामा नये. वयस्कर माणसांनी औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधे, विशेषतः कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली, तिकडे आधी परवानगी काढल्यावाचून नेता येत नाहीत.

गोव्याहून उडणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी जुना. पेडण्यातील मोपा येथला मनोहर विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. एक दक्षिणेला, दुसरा उत्तर टोकाला. तिकिटावर ‘जीओआय’ अशी तीन अक्षरे असली तर दाबोळी, ‘जीओएक्स’ असली तर मोपा. आम्ही निघालो तेव्हा नवा विमानतळ जेमतेम दीड महिन्याचा होता, आणि गाडीवाल्याने अनमोड घाट उतरताच पहिला प्रश्न तोच विचारला. आमचा दाबोळीचा होता. एकाऐवजी दुसऱ्या ठिकाणी उतरलेल्या माणसाला ती चूक निस्तरायला पुष्कळदा वेळच उरत नाही.

विमान सुटण्याच्या तीन तास आधी आम्ही रांगेत होतो. परदेशी उड्डाणाचा काउंटर साधारणतः तेव्हाच उघडतो आणि सुटण्याच्या सुमारे एक तास आधी बंद होतो; त्यानंतर आलेला प्रवासी विमान डोळ्यांसमोर उभे असले तरी मागे राहतो. काही कंपन्यांची मुदत याहूनही आधी संपते, म्हणून तिकिटावर ती वाचून घ्यावी. घरून मोबाइलवर चेक-इन केले तरी परदेशी जाताना कागद दाखवण्यासाठी काउंटरपाशी बहुधा थांबावेच लागते. आमची पाळी आली. काउंटरवरचा मुलगा पंचविशीतला असेल. आमचा पासपोर्ट त्याने पाहिला, ठेवला. सौ.चा उघडला, यंत्रावर धरला, पुन्हा धरला, आणि ती आठी आली.

त्याने आपल्या वरिष्ठ बाईंना बोलावले. त्या येईतो दहा मिनिटे गेली असतील. मागची रांग चुळबुळू लागली. सौ.ने पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. आम्ही आवाज न चढवता एवढेच म्हटले, ‘बाई, शेवटचे पान पाहावे. वडिलांचे नाव तिथे आहे.’ बाईंनी शेवटचे पान उघडले, बोट ठेवून वाचले, त्या मुलाला दाखवले, आणि ‘बरोबर आहे, दे’ म्हणून निघून गेल्या. दोन बोर्डिंग पास आमच्या हाती आले.

सौ.ने पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘दोघांना शेजारीशेजारी जागा दिलीस ना, बाळ?’

मुलगा हसला. म्हणाला, ‘दिली, मावशी. तुमच्याहून मीच जास्त घाबरलो होतो. चुकीचं माणूस चढवलं तर सगळं माझ्या अंगावर येतं.’

त्या मुलाचे ते वाक्य आम्हांला फार मोलाचे वाटले. काउंटरपलीकडचा माणूस आपल्याला अडवण्यासाठी बसला आहे असे आपण समजतो. खरी गोष्ट अशी की ज्याचे कागद अपुरे आहेत असा प्रवासी परदेशी जाऊन पोहोचला आणि त्या देशाने त्याला आत घेतले नाही, तर त्याला परत आणण्याचा भार ज्या कंपनीने नेले तिच्यावर पडतो, आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे जाण्याआधीच कंपनीचा नोकर आपल्या व्हिसाची, मुदतीची, परतीच्या तिकिटाची इतकी बारीक चौकशी करतो. तोही कोणाचा तरी मुलगा, त्यालाही नोकरीची धास्ती. दोन घाबरलेली माणसे एका टेबलाच्या दोन बाजूंना उभी असतात, आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा निर्धास्त आहे. आपल्यापाशी कागद नीट असला आणि तो कुठे आहे हे शांतपणे सांगता आले, तर दोघांचेही काम सोपे होते.

एवढे सांगितल्यावर चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पासपोर्ट कधी संपतो ते आजच पाहावे. प्रौढांचा दहा वर्षे चालतो, लहान मुलांचा बहुधा पाचच. आणि अमिरातीसारखे पुष्कळ देश पोहोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत उरलेली असावी असे म्हणतात. कागदावर चार महिने शिल्लक असले तरी अशा देशासाठी तो संपल्यासारखाच. दुसरी, आडनावाचा रकाना कोरा असलेल्या बायाबापड्यांनी, घाई नसताना, तो भरून घ्यावा. आम्हीही परत आल्यावर हुबळीला जाऊन सौ.च्या पासपोर्टाचे ते काम उरकले. तिसरी, तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नये. पासपोर्टाचे पान पुढे ठेवावे आणि अक्षर न्‌ अक्षर जुळवून घ्यावे. चौथी, पासपोर्टाची झेरॉक्स घरी एक व बॅगेत एक ठेवावी, आणि मूळ पुस्तिका कोणापाशी गहाण अथवा सांभाळायला देऊ नये. कायद्याने ती भारत सरकारची मालमत्ता आहे. ती ठेवून घेण्याचा अधिकार एजंटालाही नाही आणि मालकालाही नाही.

आणखी एक गोष्ट नव्या आईबापांसाठी. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने पासपोर्टचे नियम बदलले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख सिद्ध करण्यास आता फक्त जन्मदाखलाच चालतो. शाळेचा दाखला वगैरे त्याआधी जन्मलेल्यांसाठी. बाप्तिस्म्याच्या वहीचा उतारा आपल्याला कितीही जवळचा असला तरी त्या कचेरीच्या यादीत नाही. म्हणून मूल जन्मले की आधी घरच्यांनी एकत्र बसून नाव व आडनाव इंग्रजीत कसे लिहायचे ते ठरवावे, तसेच जन्मदाखल्यावर घालावे, आणि तोच कागद बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरांपुढे ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे एकच अक्षर उतरेल. जे काम पाच मिनिटांत पाळण्याशेजारी होते, ते पन्नास वर्षांनी कोणाला तरी विमानतळावर घाम फोडते.

आमची नात मार्चच्या चौथ्या दिवशी जन्मली. आम्ही आज्ञेप्रमाणे नुसते बसून होतो. तिच्या जन्माचा कागद करताना जावयांनी तिचे नाव आणि आडनाव एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि सौ.ने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

काळजी आणि धास्ती यांत फार अंतर नाही. तीच गोष्ट तीन महिने आधी घरच्या टेबलावर उघडली तर तिला काळजी म्हणतात, आणि विमानतळाच्या काउंटरवर उघडली तर धास्ती. ज्या घरांत वडीलधाऱ्यांना यंदा कुठे निघायचे आहे, त्या घरच्या शिकल्यासवरल्या मुलांनी एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसावे, पासपोर्ट उघडावा, तिकीट शेजारी ठेवावे आणि नावे जुळवून पाहावीत. आईबापांनी लहानपणी आपले बोट धरून आपल्याला अक्षरे गिरवायला लावली होती. आता तीच अक्षरे त्यांच्यासाठी एकवार वाचून दाखवावयाची आहेत.